आधी कागद, मग खडे

स्पर्धांचा मोसम आला की माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक आयांच्या मोबाईलमध्ये साधारण एकसारखाच फोटो असतो. गडद रंगाचा, खांद्यापासून कमरेपर्यंत खड्यांनी मढवलेला लिओटार्ड. पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, असे किती खडे बसतील आणि किती होतील?" मुलीची मापं घ्यायचा विषय त्यानंतर निघतो. हा क्रम उलटा आहे. तो उलटा असल्यामुळे आपल्या जिम्नॅस्ट मुलींचं आणि त्यांच्या घरच्यांचं नुकसान होतं, असं माझं स्पष्ट मत आहे आणि ते का, हे मला सविस्तर सांगायचं आहे.

मी डोंबिवलीत शिवणकाम करते. सुरुवात ब्लाउज आणि पंजाबी ड्रेसनी झाली. आमच्या इमारतीतली एक मुलगी रिदमिक जिम्नॅस्टिक्सला जायला लागली, तिचा कॉस्च्युम आसनाजवळ उसवला म्हणून माझ्याकडे दुरुस्तीला आला. तो उलटा करून आतली शिलाई बघितली आणि मला त्या कापडाची ओढ लागली. आज माझ्या मशीनवर ब्लाउजपेक्षा लिओटार्ड जास्त असतात.

हा कपडा जन्माला आला तो कामासाठी. ज्यूल लेओतार नावाच्या फ्रेंच कसरतपटूने १८५९ मध्ये पॅरिसच्या सर्कशीत हवेतल्या झुल्यांवर कसरती करून दाखवल्या. त्याचा अंगाला चिकटून बसणारा पोशाख त्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. हातपाय मोकळे राहावेत, कुठे काही अडकू नये आणि शरीराची रेघ लांबून पाहणाऱ्यालाही स्वच्छ दिसावी. आजच्या लिओटार्डकडूनही हेच हवं असतं, आणि हे सगळं कटिंगमध्ये साधतं. खडा यातलं काहीही करत नाही.

ब्लाउज शिवताना आपण छातीच्या मापात ढिलाई मिळवतो. लिओटार्डला मापातून वजा करावं लागतं. १९५८ मध्ये जोसेफ शिव्हर्स या रसायनतज्ज्ञाने ड्यूपाँ कंपनीत स्पँडेक्सचा, म्हणजे आपण ज्याला लायक्रा म्हणतो त्याचा, धागा तयार केला, त्यामुळे अंगापेक्षा लहान कापलेला कपडा अंगावर बसणं सोपं झालं. पण किती लहान कापायचा, हे कापड ठरवतं. मी प्रत्येक नव्या ताग्याचा तुकडा पट्टीला लावून ताणते. दहा सेंटीमीटरचं कापड सहज पंधरापर्यंत गेलं आणि सोडल्यावर परत दहावर आलं, तर ते चांगलं. आडवं आणि उभं दोन्हीकडून बघायचं, कारण दोन्हीकडचा ताण क्वचितच सारखा असतो. जी बाजू जास्त ताणते ती अंगाभोवती फिरली पाहिजे. वरून चमकती फॉइल चढवलेलं कापड साध्या नायलॉन-लायक्रापेक्षा कमी ताणतं. आईला फोटोत तेच आवडलेलं असतं आणि जुन्या पॅटर्नवर ते तसंच कापलं, तर मुलीला श्वास घेताना त्रास होतो.

समजा, समोर दहा वर्षांची मुलगी उभी आहे. छाती ६४ सेंटीमीटर, कंबर ५७, नितंब ६९. यापेक्षा मोलाचं एक माप आहे आणि ते घ्यायला बरेच टेलर विसरतात. टेप एका खांद्याच्या मध्यावर धरायची, पुढून पोटावरून खाली, दोन पायांमधून मागे आणि पाठीवरून परत त्याच खांद्यावर. या मुलीचा हा वेढा ११४ भरला असं धरू. वर सांगितलेल्या कापडात मी छातीच्या घेरातून साधारण बारा टक्के कमी करते. ६४ चे ५६ होतात, म्हणजे घडीवर कापायचा पुढचा अर्धा पॅटर्न १४ सेंटीमीटरचा. उभ्या वेढ्यातून मात्र सहा-सात टक्केच काढायचे, ११४ चे १०६ किंवा १०७. उभा ताण जास्त दिला तर खांद्यावर कापड रुततं, पायाची कड वर सरकते आणि मुलगी दर दोन उड्यांनंतर हात मागे नेऊन ती खाली ओढत राहते. कमी दिला तर कमरेशी चुण्या पडतात. सरावात तिचं लक्ष बीमवर हवं की पायाच्या कडेवर?

तयार लिओटार्ड वयावर विकले जातात. आठ वर्षं, दहा वर्षं, बारा वर्षं. एकाच वयाच्या आणि एकाच उंचीच्या दोन मुलींच्या वेढ्यात सहज सहा-सात सेंटीमीटरचा फरक मी मोजला आहे. एकीचे पाय लांब, दुसरीचं धड लांब. परदेशातून मागवलेला एक महागडा लिओटार्ड माझ्याकडे आला होता. खडे अप्रतिम, शिलाई सुबक, पण मुलीच्या धडाला तो तोकडा. कापायला आणि जोडायला कुठे जागाच नव्हती, कारण सगळीकडे खडे. तिच्या वडिलांनी त्या पैशांसाठी बरेच महिने काटकसर केली होती. त्यांचा चेहरा आठवला की मला हा विषय मांडावासा वाटतो.

महाराष्ट्रातल्या टेलरांकडे या कामाचं अर्धं ज्ञान आधीच आहे. चांगलं ब्लाउज शिवणाऱ्या बाईला विचारा, हात वर केल्यावर ब्लाउज वर का चढतं? ती लगेच सांगेल, मुंढा खोल गेलाय. काखेच्या जवळ बसणारा, उथळ मुंढा असला की हात सुटा फिरतो आणि धड जागेवर राहतं. लिओटार्डच्या बाहीला हाच नियम दुपटीने लागू आहे, कारण जिम्नॅस्टचा हात बहुतेक वेळ डोक्याच्या वर असतो. मी बाहीचा पॅटर्न काढताना तिचा वरचा गोल मुद्दाम कमी उंच ठेवते. मुलगी हात खाली सोडून उभी असते तेव्हा काखेत थोडी चुणी दिसते, ती दिसू द्यायची. हात वर गेला की ती नाहीशी होते आणि छातीपासून बोटांपर्यंत एकसंध रेघ दिसते.

टीप मात्र ब्लाउजसारखी सरळ मारून चालत नाही. पहिल्या स्प्लिटलाच दोरा तटकन तुटतो. ओव्हरलॉक किंवा बारीक झिगझॅग, ११ नंबरची स्ट्रेच सुई, आणि माया पाऊण सेंटीमीटरच्या आत. पायाच्या कडेचं इलॅस्टिक पुढच्या बाजूला कापडाबरोबर सैल लावायचं आणि मागच्या बाजूला ताणून, म्हणजे नितंबाखाली कापड धरून राहतं आणि जांघेत काचत नाही. या एका गोष्टीवर मुलगी तो लिओटार्ड आवडीने घालेल की नाही, हे ठरतं.

इतकं झाल्यावर सजावटीकडे यायचं, आणि ती सजावटही कागदावरच सुरू होते. ब्राउन पेपरवरचा मूळ पॅटर्न मी कधीच कापत नाही. त्यावर दुसरा कागद ठेवून छापून घेते आणि त्या नकलेवर रेघा ओढते. उजव्या खांद्यावरून डाव्या नितंबाकडे उतरणारी एक वळणदार रेघ काढली, की एका अंगाचे दोन तुकडे होतात आणि दोन रंगांना जागा मिळते. तिरक्या डिझाइनला घडीवरचा अर्धा पॅटर्न उपयोगाचा नाही, पूर्ण पुढचा भाग उलगडून काढावा लागतो. प्रत्येक तुकड्यावर ताणाचा बाण काढायचा, जोडाच्या खुणा करायच्या आणि त्यानंतर कागद कापायचा. कापलेल्या प्रत्येक नव्या कडेला माया वाढवायची. चार तुकड्यांच्या डिझाइनमध्ये ती एका ठिकाणी जरी राहिली, तरी लिओटार्ड तेवढा तंग होतो. पोटाच्या सर्वांत रुंद भागावर आडवी रेघ ओढू नये, ती धड आखूड दाखवते. कडेच्या शिवणीकडे झुकणाऱ्या रेघा कंबर बारीक आणि पाय लांब दाखवतात. फिक्या कापडाला पुढून अस्तर हवंच, घामाने भिजल्यावर काय दिसेल याचा विचार शिवणाऱ्याने करायचा असतो, मुलीवर तो सोडायचा नसतो. खड्यांशिवाय, निव्वळ कापडाच्या दोन-तीन रंगांनी उभं केलेलं डिझाइन मला सगळ्यात जास्त समाधान देतं. दहा वर्षांच्या मुलीला एक मीटरच्या आतच कापड लागतं. उल्हासनगरच्या बाजारात चांगलं नायलॉन-लायक्रा मिळतं आणि उरलेल्या तुकड्यांतून पुढच्या मुलीच्या डिझाइनची पट्टी निघते.

खड्यांना माझा विरोध नाही. मी ते भुलेश्वरहून आणते आणि मनापासून लावते. मोठ्या हॉलमधल्या दिव्याखाली मुलगी फिरकी घेते तेव्हा खांद्यावरून निघालेली खड्यांची ओळ लखलखते, ते दृश्य सुंदरच असतं. पण खडे लावण्याचंही शास्त्र आहे. कापड टेबलावर सैल पसरून खडा चिकटवला, तर अंगावर ते ताणल्याबरोबर गोंदाची पकड सुटते. म्हणून शिवून झालेला लिओटार्ड त्या मुलीच्या मापाच्या भरीव धडावर चढवायचा आणि ताणलेल्या कापडावर एकेक खडा बसवायचा. १६ नंबरचा खडा चारएक मिलिमीटरचा असतो, २० नंबरचा त्याहून थोडा मोठा. मी छातीच्या वरच्या भागात मोठे आणि दाट, खाली येताना लहान आणि विरळ असे लावते. आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्सच्या मुलींना जिथे बार लागतो तिथे, म्हणजे ओटीपोटावर आणि जांघेच्या वर, एकही खडा नाही. लोळण्या घेताना पाठ घासते म्हणून मणक्यावर नाही. बाहीच्या आतल्या बाजूला आणि काखेत नाही, कातडं सोलवटतं. रिदमिकमध्ये सीनियर मुलींची रिबन सहा मीटरची असते. ती अंगाजवळून फिरताना सैल खड्याच्या कडेला अडकली, तर वर्षभराची मेहनत तिथे अडते.

नियमही खड्यांपेक्षा कटिंगकडेच बघतात. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाच्या नियमांप्रमाणे पोशाख नीटनेटका आणि अपारदर्शक हवा, गळा छातीच्या हाडाच्या मध्याखाली आणि पाठीमागे खांद्याच्या पात्यांच्या खालच्या रेषेखाली जाता कामा नये. रिदमिकच्या लिओटार्डला लेस असेल तर धडापासून छातीपर्यंत अस्तर लावावं लागतं. नियमबाह्य पोशाखाला ०.३० गुणांची वजावट आहे. हा आकडा छोटा वाटतो. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये आपल्या दीपा कर्माकरला व्हॉल्टच्या अंतिम फेरीत १५.०६६ गुण मिळाले आणि ती चौथी आली. कांस्यपदक तिच्यापासून ०.१५० गुणांवर होतं. त्याच्या दुप्पट गुण एक चुकीचा गळा घालवू शकतो. आणि सर्वाधिक खडे लावले म्हणून नियमपुस्तिकेत एक शतांश गुणही मिळत नाही.

त्याच रिओमध्ये अमेरिकेच्या मुलींच्या लिओटार्डवर सुमारे ५,००० स्फटिक होते आणि एकाची किंमत १,२०० डॉलरपर्यंत सांगितली जात होती. २०२४ च्या पॅरिसमध्ये ती संख्या एका लिओटार्डवर दहा हजारांच्या घरात गेली. त्यांच्याकडे प्रायोजक आहेत, कारखाने आहेत, त्यांनी खुशाल करावं. १९७६ मध्ये माँट्रियलला चौदा वर्षांच्या नादिया कोमानेचीने ऑलिंपिकमधले पहिले पूर्ण दहा गुण मिळवले, तेव्हा तिचा लिओटार्ड पांढरा होता आणि कडेला रंगीत पट्ट्या होत्या. लोकांना आजही तो आठवतो.

आपल्याकडे पॅरिसच्या झगमगाटाची नक्कल आठ वर्षांच्या मुलींच्या जिल्हा स्पर्धेत होऊ लागली आहे. ज्या मुलीचा साधा लिओटार्ड असतो ती वॉर्म-अपच्या वेळी जॅकेट काढायला लाजते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. रिक्षा चालवणारे, दुकानात नोकरी करणारे वडील क्लासची फी, प्रवास, बूट आणि वर खड्यांचा खर्च कसा भागवणार? ठाण्याच्या संयुक्ता काळेने २०२२ च्या जूनमध्ये पंचकुलाला झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत रिदमिकची पाच सुवर्णपदकं जिंकली, तेव्हापासून आमच्या भागात या खेळाकडे वळणाऱ्या मुलींची संख्या मी वाढताना पाहते आहे. त्यातली एकही मुलगी पोशाखापायी मागे फिरू नये. छोट्या वयोगटांत खड्यांवर मर्यादा घालायचा अधिकार संयोजकांकडे आहे. दहा वर्षांखालील स्पर्धेत खडेच नकोत, फक्त कापडाची डिझाइन, असा नियम एखाद्या जिल्हा संघटनेने करून बघावा. मुलींचं काहीही कमी होणार नाही, आणि टेलरांची कल्पकता वाढेल.

आणखी एक गोष्ट मला फार लागते. गळ्याला आणि बाहीला लावायची अंगाच्या रंगाची नेट बाजारात मागितली की गुलाबीसर फिकी नेट पुढे येते. ती आपल्या मुलींच्या अंगावर पांढुरकी, आजारी दिसते, आणि खांद्याचं सगळं डिझाइन तुटक वाटतं. मग काही आया मुलीला म्हणतात, "तू जरा सावळी आहेस ना, म्हणून." माझ्या समोर कुणी असं म्हटलं तर मी ताबडतोब थांबवते. दोष नेटचा आहे. मी फिकी नेट कडक चहाच्या पाण्यात बुडवते, मुलीच्या दंडाशी लावून बघते, पुन्हा बुडवते, रंग जुळेपर्यंत. नायलॉन चहाचा रंग चांगला धरतं. आधी धुऊन घ्यायची आणि रंगवल्यावर सावलीत सुकवायची. एका मुलीची नेट अशी अचूक जुळली तेव्हा ती आरशात बघून म्हणाली, "काकू, हे खडे माझ्या अंगावरच उगवलेत." कापड विकणाऱ्यांनी गव्हाळ आणि सावळ्या छटांची नेट ठेवायला सुरुवात करावी, गिऱ्हाईक आहे.

आता पायाच्या लांबीविषयी. २०२१ च्या एप्रिलमध्ये बासेलच्या युरोपीय स्पर्धेत जर्मनीची सारा फॉस घोट्यापर्यंत पाय झाकणारा पोशाख घालून उतरली, आणि त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मनीचा संघही तसाच खेळला. तसा पोशाख नियमात आधीपासून बसत होता. तरी मुली तो क्वचितच निवडत होत्या. आपल्याकडे बारा-तेरा वर्षांच्या कितीतरी मुली पाळी सुरू झाली की हा खेळ सोडतात, आणि त्यातल्या काहींचं कारण हा तोकडा पोशाख असतो. त्या मोठ्याने सांगत नाहीत, ट्रायलच्या वेळी माझ्या कानात सांगतात. पॅटर्नमध्ये पाय वाढवणं अवघड नाही. मांडी, गुडघा, पोटरी आणि घोटा यांचे घेर घ्यायचे, त्याच हिशोबाने कमी करायचे, शिवण आतल्या बाजूने घ्यायची आणि आसनाला एक छोटा चौकोनी तुकडा जोडायचा म्हणजे स्प्लिटला ताण एका टाक्यावर येत नाही. शिक्षकांनी प्रत्येक मुलीला हे दोन्ही पर्याय सांगावेत. वर्गात सगळ्यांसमोर, जाहीरपणे, म्हणजे कुणाला विचारायला लाज वाटणार नाही.

माझ्याकडचे मूळ पॅटर्न मी कुणालाही छापून देते. शिवणारी दुसरी बाई आली म्हणून माझं काम कमी झालेलं नाही. क्लास चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी आपल्याकडे वेगवेगळ्या वेढ्यांच्या मुलींचे कागदी पॅटर्न एका फाइलमध्ये जपून ठेवावेत आणि जवळच्या टेलरला द्यावेत. मुली वाढतात, लिओटार्ड एका वर्षात आखूड होतो. तो धुऊन, निघालेले खडे पुन्हा बसवून धाकट्या मुलीकडे जाण्याची सोय प्रत्येक क्लासमध्ये असावी. आपल्या आयटीआयमध्ये ड्रेसमेकिंग आणि शिवणतंत्राचे अभ्यासक्रम आहेत. त्यात ताणणाऱ्या कापडाचं कटिंग नीट शिकवलं, तर पोहण्याचे, नृत्याचे, मल्लखांबाचे पोशाखही इथेच तयार होतील आणि घरी बसून शिवणाऱ्या बायकांना ब्लाउजच्या मजुरीपेक्षा चांगले पैसे मिळतील.

आणि या मोसमात मुलीसाठी लिओटार्ड शिवून घेणाऱ्या आईवडिलांना एवढंच सांगते: टेलरकडे गेलात की खांद्यापासून खांद्यापर्यंतचा वेढा घेतला का, ते आधी विचारा. कच्च्या टाक्यांवर ट्रायल मागा आणि त्या ट्रायलमध्ये मुलीला स्प्लिट, ब्रिज आणि हात वर करून उडी, तिन्ही करायला लावा. कुठे टोचतं, कुठे काचतं, हे तिलाच विचारा. तिने "बसलं" म्हटल्यावरच खड्यांचे पैसे द्या.